क्लेमचा अर्धा तास

माझी मुलगी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरते असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघायचे आणि मग विचारायचे, "तुम्ही परवानगी कशी दिली?" जशी काही ती परवानगीसाठी दाराशी ताटकळत उभी होती. मी म्हणायचे, "अर्ज आला होता, मंजूर केला." पुण्यात असं बोललं की समोरचा पुढचं विचारत नाही. खरं सांगायचं तर मला त्या शर्यतींचा अभिमान वाटायचा, पण तो पोरीच्या वेगाचा नव्हता. वेगाची मला भीतीच वाटायची. अभिमान होता तो तिथल्या एका नियमाचा.

शर्यती मातीच्या ट्रॅकवर व्हायच्या, खडकवासल्याच्या पुढे एका माळावर. क्लबनं बक्षिसाच्या रकमा ठेवल्या होत्या, टीमना जाहिरातदार होते, चांगल्या रायडरांचं पोट त्यावर चालायचं. असं काही सुरू झालं की पैसा ओतणारे येतातच. म्हणून क्लबनं इंजिनावरच्या खर्चाला मर्यादा घातली होती, साठ हजार रुपये. आता मर्यादा कोणीही घालेल. ती पाळली की नाही हे बघायचं कोणी? बिलं काय, कोणीही कसलीही आणतो. माझी अख्खी नोकरी सरकारी ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. बिलावरून खरा खर्च कळतो असं मला कोणी सांगितलं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवेन.

या क्लबनं बिलांच्या नादी लागायचंच नाही असं ठरवलं होतं. त्यांनी क्लेम ठेवला होता. शर्यत संपली की सगळ्या गाड्या दोरी बांधलेल्या जागेत अर्धा तास उभ्या करायच्या. त्या अर्ध्या तासात, तुमच्या मागे आलेला कोणताही रायडर पंचांच्या टेबलावर साठ हजारांचा डिमांड ड्राफ्ट ठेवून तुमचं इंजिन मागू शकतो. मागितलं की द्यायचं. म्हणजे तुम्ही चोरून इंजिनात पाच लाख घातले असतील तर घाला बापडे, कोणीही येऊन ते साठ हजारांत उचलून नेईल. तपासनीस नको, छापा नको, काही नको. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी घरी येऊन म्हणाले होते, अरे वा, आमच्या ऑफिसात इतक्या वर्षांत हे कोणाला सुचलं नाही.

प्रत्यक्षात कोणी कोणाचं इंजिन नेत नसे. रीत अशी पडली होती की शंका आली तर क्लेम टाकायचा, इंजिन सगळ्यांसमोर उघडायचं, आत डोकवायचं, आणि ड्राफ्ट परत घेऊन इंजिन ज्याचं त्याला द्यायचं. वर इंजिनवाल्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. "आज क्लेमचा चहा कोणाकडे?" अशी थट्टा चालायची. ही रीत मात्र कुठे लिहिलेली नव्हती.

आणि आमच्या घरात लिहिलेल्याला फार मान. माझे आजोबा बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले त्या वर्षापासून घरात एक गोष्ट पक्की होती, की रीतीनं आपल्याला कधी काही दिलं नाही, जे मिळालं ते लिहिलेल्या नियमानं मिळालं. शाळा, नोकरी, खडकीचं क्वार्टर, सगळं. त्यामुळे आमच्याकडे पोरं नियम पाळतात म्हणजे काही उपकार करत नाहीत. माझी मुलगी तर त्या बाबतीत तिच्या पणजोबांवर गेलेली. रात्री रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलला थांबायची आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्याकडे अशी वळून बघायची की तो गप्प बसायचा. शर्यतीच्या नियमांचं पुस्तक तिनं मलाही वाचायला लावलं होतं. मी तापट, ती शांत. माझ्या तोंडाला लागायचं नाही हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. तिच्या तोंडाला लागावं असं कधी कोणाला वाटलंच नाही.

इंजिन तिच्या बाबांनी बनवलं होतं. लेक झाल्यापासून घरात मीही त्यांना बाबाच म्हणते. ते खडकीच्या कारखान्यात लेथवर होते. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, हे बाल्कनीत जाऊन बसले. भंगार बाजारातून आणलेलं एक जुनं इंजिन, साधं, आपल्या रस्त्यावरच्या गाडीचं, ते त्यांनी खोललं आणि दोन वर्षं त्याच्यापुढे बसून राहिले. इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, त्यातून हवा आत जाते ते मार्ग हातानं घासायचे, बघायचे, पुन्हा घासायचे. जरा जास्त घासलं की हेड बाद. अशी बरीच बाद झाली. माझ्या कुंड्यांच्या मागे ती ओळीनं पडलेली असायची. मी म्हणायचे, "अहो, तुळस ठेवायची तिथे तुम्ही काय ठेवलंत?" ते म्हणायचे, "आपण कुठे तुळस ठेवतो?" मग दोघंही हसायचो.

जे शेवटी जमलं त्याचे सुटे भाग साठ हजारांच्या आत बसले. क्लबच्या फॉर्मवर मजुरीचा रकाना होता. तिथे मी मोठ्या ऐटीत शून्य लिहिलं. घरचा माणूस, घरची बाल्कनी, मजुरी कसली? दोन वर्षांच्या कामाची आम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिलेली किंमत ती.

त्या इंजिनावर पोरगी जिंकायला लागली. पहिली कधी, दुसरी कधी, पण तिसऱ्याच्या खाली नाही. त्या वर्षी एका गाड्या बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं होतं की मोसमात जो पहिला येईल त्याला पुढच्या वर्षी त्यांच्या टीममध्ये पगारी जागा. पगार, विमा, गाडी कंपनीची, देशभर शर्यती. पोरीचं वय तेव्हा चोवीस. दिवसा एका वर्कशॉपमध्ये नोकरी करून ती हे सगळं चालवत होती, आणि तिनं आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, "आई, हे वर्ष. जागा मिळाली तर मिळाली. नाहीतर मी थांबते. बाबांचे डोळे गेले या कामात, अजून किती घासायला लावू?" ती बोलते तेव्हा तसंच करते. म्हणून आम्हा तिघांच्या डोक्यात ते वर्ष म्हणजे ती एक जागा, दुसरं काही नाही.

तिच्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरवर एक मुलगा होता. त्याच्या टीमचा पांढराशुभ्र मोठा तंबू असायचा, आत पंखे, फ्रिज, जमिनीवर रबरी चटई. आम्ही त्यांना पांढरे तंबूवालेच म्हणायचो. त्यांच्या इंजिनाचा खर्चही कागदावर साठ हजारांच्या आत. बाहेरगावाहून एक तज्ज्ञ विमानानं यायचा, तो म्हणे मालकांचा मित्र, प्रेमापोटी यायचा. इंजिन चाचणीचं यंत्र त्यांच्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर, म्हणजे टीमचा खर्च नाही. मी बघायचे आणि मनात म्हणायचे, बाळांनो, हे सगळे प्रकार मी तुमच्या जन्माआधीपासून बघते आहे. पण त्यांच्यावर क्लेम टाकायचं कोणाच्या मनात यायचं नाही. बाकीचे रायडर त्यांच्याकडून जुने टायर घ्यायचे.

शेवटून दुसरी शर्यत पोरगी जिंकली. ती पहिली, तो मुलगा दुसरा. आता शेवटच्या शर्यतीत तो जिंकला आणि ही तिसरी आली तरी मोसम हिचाच. गाडी दोरीच्या आत लावून ती हेल्मेट काढत होती. बाबा मला हिशेब समजावत होते, जो मी आधीच केलेला होता. तेवढ्यात टेबलाकडून तिच्या नावाचा पुकारा झाला.

पांढऱ्या तंबूवाल्यांनी त्या दिवशी दुसरा एक रायडर उतरवला होता. अगदी नवखा. सगळ्यांच्या मागे, संथ, एखाद्या मिरवणुकीत चालवावी तशी गाडी चालवून त्यानं शर्यत पूर्ण केली होती. तो का आलाय असं मला शर्यतभर वाटत होतं. आता कळलं. क्लेम टाकायला शर्यत पूर्ण करून हिच्या मागे यावं लागतं; तो मुलगा चुकून हिच्या पुढे गेला असता तर पंचाईत, म्हणून हा. एवढंच त्याचं काम. त्यानं टेबलावर ड्राफ्ट ठेवला होता. तारीख चार दिवसांपूर्वीची.

बाबा हसतच टेबलापाशी गेले. "या, या, उघडून दाखवतो. चहा सांगू का सगळ्यांना?" तंबूवाल्यांचा मॅनेजर, तिशीतला, बोलायला अतिशय गोड, म्हणाला, "काका, उघडायची नीड नाहीये. आम्ही इंजिन घेऊन जाणार आहोत. रूलमध्ये आहे ना तसं?"

बाबांना ते समजायला वेळ लागला. त्यांनी आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग मुख्य पंचांकडे. हे पंच म्हणजे निवृत्त गृहस्थ, पांढऱ्या मिशा, नेहमी आदरानं बोलणारे. ते म्हणाले, "नियमात आहे. परत द्यायची आपली रीत आहे, पण रीत म्हणजे नियम नव्हे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पोरीला बाजूला ओढलं आणि सांगितलं, "द्यायचं नाही. इंजिन गाडीत टाक आणि घरी चल. काय करायचं ते करू दे त्यांना." मी नियमांचं पुस्तक वाचलं होतं. इंजिन नाकारणाऱ्याचे मोसमाचे सगळे पॉइंट रद्द होऊ शकतात किंवा पंच योग्य वाटेल तो दंड करू शकतात, असं त्यात होतं. मी म्हणाले, "दंड करतील, भरू आपण. माझा फंड पडलाय बँकेत, तो काय चाटायचाय?"

तिनं जाऊन पंचांना सरळ विचारलं, "मी नाही म्हटलं तर काय होईल?"

"तुमचे सगळे पॉइंट जातील," पंच म्हणाले. "मी आत्ताच सांगून ठेवतो, मग तुम्ही म्हणाल आधी सांगितलं नाही. यात सवलत नाही. एकाला दिली की नियम संपला."

ती माझ्याकडे परत आली. चेहरा मातीनं भरलेला, डोळ्यांभोवती तेवढे गोल स्वच्छ. म्हणाली, "आई, देऊया. नियम त्यांच्यासाठी ठेवलाय असं आपण म्हणत होतो ना? मग तो माझ्यासाठीपण आहे."

"अगं, त्यांनी तो तुझा गळा दाबायला वापरलाय."

"वापरलाय. पण मोडला नाहीये."

मी तिला नको नको ते बोलले. मूर्ख म्हणाले, भित्री म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि बाबांना हाक मारली.

इंजिन काढायचं कामही ज्याच्यावर क्लेम आला त्यानंच करायचं असतं. बाबांनी गुडघ्याखाली पोतं घेतलं. तेल काढलं, चेन सोडवली, एकेक बोल्ट सैल करून ओळीनं फडक्यावर ठेवला. घरी बसून करतात तसंच, सावकाश. तंबूवाल्यांची दोन पोरं प्लॅस्टिकचं खोकं घेऊन उभी होती. इंजिन त्यांच्या हातात देताना बाबा म्हणाले, "खालून धरा. हेडला हात लावू नका." ट्रॅकवर पाणी मारायला टँकर आणणारा शेजारच्या गावचा माणूस माझ्याजवळ उभा होता. तो म्हणाला, "ताई, साठ हजारांत तर आमच्याकडं म्हसबी येत न्हाई आता." मी त्यालाही फटकारलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

टेम्पोनं घरी निघालो. मोकळी चौकट असलेली गाडी मागे आणि आम्ही तिघं पुढे दाटीवाटीनं. साठ हजारांचा ड्राफ्ट माझ्या पर्समध्ये. मी हिशेब करत होते. तंबूवाल्यांनी लाखो घालून जे जमवलं नव्हतं ते आज त्यांना सुट्या भागांच्या भावात मिळालं होतं. हा नियम लपवलेला पैसा पकडायला काढलेला. आमच्याकडे लपवलेलं काहीच नव्हतं, होती ती एका माणसाची दोन वर्षं. नियमाला दोन्ही सारखंच दिसलं. आणि ती दोन वर्षं शून्य आहेत असं लिहून देणारी मीच.

शेवटच्या शर्यतीला तीन आठवडे होते. बाबांनी बुधवार पेठेतून उजेडासाठी एक मोठा दिवा आणला, भिंगाचा, आणि बाल्कनीत बसले. पाच-सहा दिवस बसले. मग एका सकाळी सगळं गोळा करून पोत्यात भरलं आणि म्हणाले, "नाही होत. दिसत नाही मला." त्यांना मी रडताना क्वचित बघितलंय. त्या दिवशी ते रडले नाहीत, पण चहा तसाच ठेवून उठले आणि दुपारपर्यंत स्टेशनच्या बाकावर जाऊन बसले होते. मला भाजीवाल्यानं सांगितलं.

पोरीनं गाडीला साधं इंजिन बसवलं, शोरूममधून येतं तसं. तेवढ्यावर तिसरी यायचं होतं. अशक्य नव्हतं. मी मात्र आणखी एक काम केलं. तंबूवाल्यांचे ते साठ हजार खात्यात जमा झाले होते, त्यांचाच नवा ड्राफ्ट काढून पर्समध्ये ठेवला. पोरीला सांगितलं, "तू त्याच्या मागे आलीस, तर तुलाही क्लेम टाकता येतो. आपलं इंजिन आपण परत आणू." ती म्हणाली, "हो. नियमात बसतं." कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा तकाकी दिसली.

शर्यत सुरू झाली आणि दुसऱ्या फेरीला तो मुलगा आमच्यासमोरून गेला तेव्हा बाबांनी माझा दंड धरला. "आपलंच आहे ते," म्हणाले. "आवाज बघ." मला सगळ्या गाड्यांचा आवाज सारखाच ऐकू येतो, पण त्यांचा चेहरा बघून मी समजले. तो मुलगा आमच्या इंजिनावर पळत होता. पोरगी जीव तोडून चालवत होती. वळणावर ती सगळ्यांना गाठायची आणि सरळ रस्ता लागला की लोक तिला सोडून निघून जायचे. चौथ्या नंबरवरच्या रायडरला तिचा पिच्छा सोडवायला तिची गाडी ढकलावी लागली. पाचवी आली. तो मुलगा पहिला आला. मोसम त्याचा झाला, चार पॉइंटांनी.

तिनं गाडी दोरीच्या आत लावली, माझ्याकडून ड्राफ्ट घेतला आणि टेबलावर नेऊन ठेवला. "मला पहिल्या आलेल्या गाडीचं इंजिन हवंय."

आजूबाजूचे लोक गोळा झाले. मॅनेजरनं फोन खिशात ठेवला, कोणाशी तरी दोन मिनिटं बोलून आला आणि तितक्याच गोड आवाजात म्हणाला, "सॉरी सर, आम्ही देणार नाही."

मला आधी कळलंच नाही की हे आपल्यासाठी चांगलं झालं. मग एकदम लक्षात आलं. नाकारलं. म्हणजे पॉइंट गेले. त्याचे गेले म्हणजे मोसम हिचा, जागा हिची. सवलत नाही, असं याच पंचांनी याच टेबलावर सांगितलं होतं. मी बाबांकडे पाहिलं, त्यांच्याही ध्यानात आलं होतं. पोरीनं टेबलावरचा ड्राफ्ट बोटानं पंचांकडे आणखी सरकवला. पंचांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "याचा निर्णय बैठकीत होईल. लेखी कळवू."

दहा-बारा दिवस गेले. ते दिवस मला नको आठवायला. आम्ही आशेनं वेडे झालो होतो. बाबांनी पोरीला नवे बूट बघायला सुरुवात केली. मी नातेवाइकांना काही सांगितलं नाही, पण बहिणीला सांगितलं, म्हणजे सगळ्यांनाच सांगितलं. पोरगी तेवढी म्हणायची, "कागद येऊ दे." पण तिनं वर्कशॉपच्या मालकाला पुढच्या महिन्यात नोकरी सोडेन असं सांगून टाकलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं.

बैठक क्लबच्या ऑफिसात, बुधवार पेठेत, एका इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या माडीवर. मी आणि पोरगी गेलो. मुख्य पंच, आणखी दोघं पंच, क्लबचे सेक्रेटरी, आणि तो मॅनेजर. आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. सेक्रेटरींनी निर्णय वाचला. इंजिन नाकारणं हा नियमभंग आहे, तो गंभीर आहे, क्लब त्याची नोंद घेत आहे. दंड म्हणून टीमनं एक लाख वीस हजार रुपये भरावेत. निकाल आहे तसाच राहील.

मॅनेजरनं मान हलवली, बॅगेतून चेकबुक काढलं आणि तिथेच चेक लिहिला. पेन चालेना तर सेक्रेटरींनी आपलं दिलं.

मी म्हणाले, "पॉइंट?"

मुख्य पंच म्हणाले, "आपण समजून घ्या. कंपनीनं कालच त्या मुलाचं नाव जाहीर केलंय. आता पॉइंट काढले तर सगळ्या स्पर्धेची शोभा होईल. शिवाय निर्णय टीमच्या मालकांचा होता. त्या पोराचा काय दोष? त्याला इतकी मोठी शिक्षा कशी करायची?"

"माझ्या मुलीला काय म्हणाला होतात तुम्ही? सवलत नाही म्हणाला होतात."

"त्या वेळी नियम समजावून सांगणं माझं काम होतं. आणि तुमच्या मुलीला कुठे शिक्षा झाली? त्यांनी तर नियम पाळला. आम्हा सगळ्यांना त्यांचं कौतुकच आहे."

मी उभी राहिले. मग मी जे बोलले ते खाली दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं असणार. म्हणाले, एक लाख वीस हजार हा दंड नाही, ही किंमत आहे. तुम्ही चॅम्पियनशिप विकलीत आणि वर पेनही पुरवलंत. म्हणाले, माझ्या नवऱ्याचे डोळे साठ हजारांत नेलेत तेव्हा तुमचं पुस्तक फार जाड होतं, आज एवढं बारीक कसं झालं? आणखीही बरंच बोलले. ते सगळे खाली मान घालून ऐकत राहिले. मला वाटतं, मी संपेपर्यंत थांबायचं हे त्यांनी आधीच ठरवलेलं असावं. मी दम खायला थांबले तसं सेक्रेटरी म्हणाले, "चहा घेणार ना आपण?"

पोरगी उठली. तिनं निर्णयाची प्रत घेतली, सही केली, घडी घालून जॅकेटच्या खिशात ठेवली. खाली उतरलो तर गल्लीत ही गर्दी, वायरींची भेंडोळी, दर्शनाला निघालेली माणसं. तिनं स्कूटर काढली, मी मागे बसले. खडकीपर्यंत तिनं तशीच नीट चालवली, प्रत्येक सिग्नलला थांबली. मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

घरी बाबा पानं घेऊन वाट बघत होते. आमच्याकडे बघून त्यांनी आमटी वाढली. पोरीनं दोन घास खाल्ले. मग त्यांना सगळं सांगितलं, शांतपणे, क्रमानं. दंड किती, चेक कसा दिला, पंच काय म्हणाले. बाबा फक्त "बरं" म्हणत राहिले. सांगून झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"आई, त्या दिवशी तू बरोबर होतीस. द्यायला नको होतं."

मी जन्मभर भांडले. सासरी, ऑफिसात, रेशनच्या दुकानात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. तू बरोबर होतीस असं कोणाच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय मला झोप यायची नाही. या पोरीशीही लहानपणापासून किती वेळा भांडले असेन, आणि तिनं कधी ते म्हटलं नव्हतं. त्या दुपारी तिनं ते आपणहून म्हटलं, कुठलाही राग नसलेल्या आवाजात, एखादी बारीकशी चूक दुरुस्त करावी तसं. मला म्हणायचं होतं, नाही गं, तूच बरोबर होतीस. मी तोंड उघडलंही. पण ती लगेच विचारणार होती, "कशी काय?" तिला पटेल असं एकही उत्तर माझ्यापाशी नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलेन म्हणून. मग तिनं पान पुसून घेतलं, हात धुतले, आणि वर्कशॉपच्या मालकाला फोन करायला आत गेली, जागा अजून आहे का हे विचारायला.